तीन ओळी

नोझवर्दी, तुमचं पत्र माझ्याकडे आलं
मंगळवारी, सहा वाजून गेल्यावर,
सेंट जॉन्सच्या बंदरातलं धुकं
आमच्या रस्त्याची चढण चढत होतं तेव्हा.
तुमच्या ऑफिसात एक केली आहे. मी किली.
एका मात्रेचा, एका वेलांटीचा फरक.
यंत्राने पहिलं अक्षर पाहून नाव पुरं केलं
आणि दिवसभराचे थकलेले तुम्ही
बटण दाबून मोकळे झालात.

मी तीन ओळी वाचल्या.
चौथीवर हात ठेवला, खरंच, अख्खा तळहात,
दुधावर झाकण ठेवावं तसा.

त्या ओळींत काय होतं, ते इथेही लिहीत नाही.

मग तुम्हाला फोन.
पलीकडे कपात फिरणारा चमचा थांबला.
"किती वाचलंत?"
"तीन ओळी. बाकीचं उघडलेलं नाही, पुसून टाकते."
"आभारी आहे," म्हणालात,
आणि घसा खाकरून, पुन्हा वकिली सुरात,
"गुरुवारची तारीख मात्र पुढे जाणार नाही."
म्हटलं, जाऊ नकाच देऊ.

अल्फ्रेडा पिंटला मी स्वतः जाऊन सांगितलं.
वीस हंगाम खेकड्यांच्या कारखान्यात,
उकळत्या हौदांपाशी.
आता दोन पायऱ्या चढली की छातीत शिट्टी वाजते.
"त्यांचं पत्र हातात आलं, आणि तू परत केलंस?"
"हो."
"मग तू नक्की कोणाची?"
तुझीच, हे उत्तर तोंडपाठ होतं,
इतकी वर्षं त्याच्यावरच तर पोट भरलं.
त्या दिवशी ते ओठापर्यंत आलं नाही.
ती म्हणाली, "आमच्या वजनकाट्यावर
फोरमनचा अंगठा असायचा. सगळ्यांना ठाऊक.
त्याने कधी कोणाला फोन केला नाही."

मी तिला नियम समजावला.
नियम बरोबर आहे.
नियमाला दमा नाही.

पत्र परत जातं, वाचलेलं जात नाही.
साक्षीसाठी प्रश्न काढायला बसते
आणि एकेका प्रश्नाला उभं करून विचारते:
तू सोमवारी सुचला असतास का?
बरेचसे मान खाली घालतात.

आणि मग जुन्या वहीत,
अल्फ्रेडाच्या पहिल्या भेटीच्या पानामागे,
पेन्सिलने, तिरकं: "वाफ कुठे जाते?"
अक्षर माझं. तारीख नाही.

माझ्या पहिल्या वरिष्ठ, हॅनराहनबाई, म्हणायच्या,
बिनतारखेचं पान कोणाच्याही बाजूने साक्ष देतं.
तिथपासून मी किराणा मालाच्या यादीवरही तारीख घालते.
नेमकी इथे नाही.

ऑफिसात कोणी नाही. पेन्सिल बहुधा तीच.
मार्चमधला कुठलाही दिवस चालला असता.
दोन आकडे, मध्ये एक रेघ.
नोझवर्दी, तुम्हाला हे कधीच कळलं नसतं,
आणि कदाचित ते खरंही असतं.

शाईचं पेन घेतलं. खाली लिहिलं:
"वरची ओळ कधीची, मला नक्की आठवत नाही."
आणि आजची तारीख.

दिवा घालवताना पाहिलं,
फोनवर अल्फ्रेडाचा निरोप होता, चौदा सेकंदांचा.
शब्द दोनच: "विचार त्यांना."
बाकी सगळा श्वास.