तोतरेपणाचे चार गुण

घणसोली, सेक्टर नऊ. रात्रीचा दीड.
नव्या सरदाराला वाटायला बारा गुण.
तलवारीला पाच, घोडदौडीला तीन,
फितुरी ओळखायला चार.
मग वाटाघाटीला उरतंच काय!

खेळात एक सोय आहे:
उणीव पत्करली की गुण परत मिळतात.
लंगडा, दोन. संशयी, तीन.
तोतरा, चार.

माउसवरचं बोट थांबलं.

बेलापूरच्या त्या मुलाखतीत
मी माझ्याच आडनावावर अडलो होतो,
पेडामकरमधल्या 'पे'वर,
आणि समोरचे तिघं
सभ्यपणे एसीकडे बघत राहिले.
कुणी काही परत दिलं नाही.

दिलं असतं तर
घातलं कशात असतं?
चहा निवला.

मग सरदाराला तोतरा केला.
चारही गुण वाटाघाटीला.
सावकाश बोल, म्हटलं,
किल्ला कुठे पळत नाही.