खाली कोण राहतं?

लॅमिंग्टन रोडला वेलजीभाईने सबवूफर दाखवण्याआधी
बजेट विचारलं नाही.
म्हणाला, "खाली कोण राहतं?"

खाली रेवंडकर. भांडुप, दुसरा मजला.
नऊला बीपीची गोळी, साडेनऊला दिवा बंद.

"मग बारा इंची विसरा.
बंद खोक्याचा दहा इंची न्या.
भोकवाला घुमत राहतो,
हा बोलतो आणि गप्प बसतो."
बायकोने माझ्याकडे पाहिलं.

घरी त्याने सांगितलं तसंच केलं.
खोका सोफ्यावर, माझ्या जागेवर,
आणि मी गुडघ्यांवर, कान फरशीला,
अकरा बाय चौदाचा हॉल रांगत निघालो
खर्ज शोधत.
शोकेसपाशी नुसत्या काचा थरथरल्या.
टीव्हीमागे आवाज गढूळ.
दाराशी काहीच नाही, जणू घर तिथे संपतं.
बाल्कनीच्या कोपऱ्यात मात्र
तो कानात नाही, बरगड्यांत आला.

तेवढ्यात बेल.
रेवंडकर. लुंगी, हातात चष्मा.
मी ओणव्यानेच म्हणालो, सॉरी काका, लगेच बंद करतो.

"नको.
एकतीस वर्षं ड्रेजरवर
इंजिनाच्या डोक्यावर झोपलो मी.
इथला पलंग मेलेला आहे.
हा कोपरा बरोबर माझ्या उशीवर येतो,
इथेच ठेव."

आता साडेनऊला लावतो रोज,
चाळीस हर्ट्झ, अगदी बारीक, पंधरा मिनिटं.
पडदा काळा.
बायको विचारते, बघतोयस काय?
काही नाही, म्हणतो,
रेवंडकर निघालेत.