च्या

खेळाच्या मैदानाच्या खेळाडूच्या चक्रीच्या पतंगाचा वेग,
खेळाच्या मैदानाच्या खेळाडूच्या चक्रीच्या पतंगाची उंची,
खेळाच्या मैदानाच्या...
पायथनमध्ये हे सगळं टिंबांनी लिहायचं असतं,
मला मात्र ते च्या, च्या असंच ऐकू येतं,
गोळीबार चौकातल्या वरच्या खोलीत,
रात्रीचे दोन, पायात मोजे, संक्रांतीला चार दिवस.

चाळीस ओळींत एकोणतीस वेळा
तोच जिना चढलो,
आणि दर वेळी गच्चीवरून
एकच आकडा घेऊन खाली.

तृषाली चादर गुंडाळून मागं उभी.
"काऊन बे, इतकं लंबं कायले?
आईवानी लिहून राह्यला तू —
थ्या जुन्या शुक्रवारीतल्या पौनीकराच्या
मधल्या पोट्ट्याच्या सासऱ्याच्या दुकानातून सद्दी आण.
एकदा नाव सांग ना. मंग नुसतं थो म्हन."

सर्वनाम.
सहावीत दोन गुणांना पाठ केलं होतं.

फेरा सुरू व्हायच्या आधी, वर, एक ओळ टाकली:
पतंग म्हणजे तो.
खालच्या ओळी भराभर आखडल्या,
उजवीकडे इतकी मोकळी जागा
या फाइलमध्ये मी पहिल्यांदा पाहिली.
तृषाली झोपायला गेली, श्रेय न घेता.

मग फुटाळ्याच्या पाण्यावर डाव लागला.
ओ काट!
चक्रीला नवा पतंग बांधला गेला, लाल, शेपटीचा.
मी बाण दाबतोय,
लाल जागचा हलत नाही.
आणि तिकडे, पडद्याच्या काठापलीकडे,
जिथं मी आभाळ काढलेलंच नाही,
तो कटलेला
अजून माझं ऐकतोय.
वर. डावीकडे. वर.

किती वेळ तसाच दाबत बसलो, सांगत नाही.

शेवटी नाव पतंगाकडून काढून चक्रीला दिलं.
एक च्या ठेवला:
चक्रीच्या पतंगाची उंची.
एवढं चालायला हरकत नाही.
जुना कुठे गेला दिसलं नाही;
कुणीच धरलेलं नसलं
की पायथन आपणच आवरून घेतो.

सकाळी आईनं पिशवी दिली. सासऱ्याच्या दुकानातून, म्हणाली.
सासरा मागच्या मे महिन्यात गेला.
तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.
आईला दोनदा सांगून झालंय.
मी बाजूच्या टपरीवरून सद्दी घेतली,
आणि घरी येऊन म्हणालो,
हो, त्याच्याच कडून.