उलटा वेढा

सिएनफुएगोसमध्ये वीज गेली की मी निघते.
पिशवीत पक्कड, पेचकस, अर्धं लिंबू
(गंजलेल्या स्क्रूसाठी, सरबताला नाही).
अंधारात कुंडी चाचपावी लागते,
तेच बरं.
डोळे वरचा रंग बघून फसतात,
बोटं फसत नाहीत.
तांबं गार आणि जड,
ॲल्युमिनियम हलकं, उसनं हसल्यासारखं.

परवा मूठभर स्क्रू मिळाले
आणि एक घड्याळ, फक्त काटे नसलेलं.
उस्बाल्दो म्हणतो, तुझं घर म्हणजे इस्पितळच,
फक्त इथून पेशंट तुकड्यातुकड्यांनी घरी जातात.

काल आमच्याच गल्लीच्या तोंडाशी
हाताला पंखा लागला.
रशियन वॉशिंग मशीनची मोटर,
खाली टेलिफोनचं बूड,
पाती ग्रामोफोनच्या तबकडीची,
नखाला अजून खाचा लागतात.
मागे वायरीची गाठ:
दोन वेढे सुलटे, तिसरा उलटा.
असा तिसरा वेढा या शहरात
एकच बाई घालते.

नेरेइदाच्या बाळंतपणात दिला होता मी तो.
पोर घामोळ्यांनी रडायचं.

वर पाहिलं. खिडक्या बंद,
दाराला नवं कुलूप.
कधी गेली? कुठल्या देशाच्या वाटेनं?
मला सांगायचं राहिलं तिचं,
की हे असं कुंडीच्या कडेला,
पाती वर करून, नीट उभं ठेवणं
हेच सांगणं?

मोटरचे पैसे बरे येतील आज.
उस्बाल्दोनं पक्कड पुढे केली.
म्हटलं, थांब. वीज येऊ दे.
आधी फिरतो का बघू.