टिंब

रात्री पावणेदोनला सातव्या मजल्यावरून फोन.
"मॅडम, रिपोर्टचं पान उघडत नाहीये."
सिस्टर तरुलता गावित. आवाज चढलेला नाही,
त्याचीच जास्त भीती.
"पेशंटचा मुलगा खाली फुटपाथवर चहा पीत होता,
त्याच्या मोबाईलवर दिसतंय सगळं.
पोटॅशियम सहा पूर्णांक चार.
त्यानेच वर येऊन वाचून दाखवलं मला."

म्हणजे भायखळ्याच्या रस्त्यावरच्याला कळतं
आणि खाटेशी उभी आहे तिला नाही.

लॅबचे रिपोर्ट शनिवारी बाहेर राहायला गेले,
कुणाच्या तरी यंत्रांवर, महाप्याला की आणखी कुठे,
करारात लिहिलं असेल.
जगाला सांगून झालं.
घरात सांगायचं राहिलं.

आमचा नावांचा सर्व्हर जुन्या लिनन-रूममध्ये असतो,
एसी चालू असला तरी
फिनाईलचा वास अजून हटलेला नाही.
त्याला विचारलं, काळ्या पडद्यावर, एका ओळीत :
रिपोर्ट कुठे राहतात?
म्हणाला, या नावाचं कोणी नाही.

"मला माहीत नाही" म्हणाला असता
तर बाहेर विचारायला गेला असता.
पण आडनाव आमचं,
आणि या आडनावाची सगळी माणसं आपल्या वहीत आहेत
अशी त्याची खात्री.
खोटं बोलत नव्हता बिचारा.
वहीत नव्हतंच.

मी नवीन लागले तेव्हा टेलिफोनच्या बोर्डावर खोर्शेदबाई होत्या.
कुणी डॉक्टर सोडून गेला
की बोर्डाच्या कडेला चिठ्ठी डकवायच्या :
चिटणीस, आता गिरगावात, सहानंतर.
"नथी" एवढंच बोलून
त्यांनी फोन ठेवलेला मी ऐकला नाही.

नंबरच लिहून टाकावा का? सोपं होतं.
पण बाहेरच्यांचं भाडेकरूंसारखं,
अकरा महिने झाले की बिऱ्हाड हलतं,
आणि सांगून जातीलच असं नाही.
म्हणून नावापुढे नाव लिहिलं :
आमचे रिपोर्ट म्हणजे त्यांचे अमुक,
पुढचा पत्ता त्यांनाच विचार.

विचारलं. पुन्हा नाही.
डोळे चोळून पाहिलं तर
त्यांच्या नावाच्या शेपटाला आमचं आडनाव!
बाहेरच्या नावानंतर टिंब दिलं नाही
तर हा धरून चालतो, घरचंच आहे,
आणि आपलं आडनाव लावून मोकळा होतो.
रेशनकार्डावर माझंही असंच झालं होतं.
मला कुणी विचारलं नव्हतं.
बँकेची पत्रं अजून दोन नावांनी येतात.

टिंब दिलं.
वरचा अनुक्रमांक एकाने वाढवला,
नाहीतर जुन्या इमारतीतला धाकटा सर्व्हर
बदल झालाय हे मानतच नाही.

"अजून नाही उघडत, मॅडम."
हो. ही यंत्रं नकारसुद्धा लक्षात ठेवतात,
होकाराइतकाच जपून, तासभर.
तो विसरायला लावावा लागतो.
मग फोनवर एकेक अक्षर :
एफ, सिस्टर. फ्लॉवरचा, भाजीतला.
एल. यू. एस. एच.
"शेवटी टिंब द्यायचं?"
नाही, इथे नाही.

उघडलं.
सहा पूर्णांक चार, लाल अक्षरात.
मी म्हटलं, आता डॉक्टरांना उठवा.
"ते मघाशीच उठवले," ती म्हणाली,
"त्या मुलाच्या मोबाईलवरच दाखवलं.
कॅल्शियम देऊन झालंय.
तुम्हाला फोन केला तो उद्यासाठी."

मागे कुणीतरी खोकलं. ट्रॉलीचं चाक वाजलं.
"ठेवते हं," ती म्हणाली,
"त्याची बॅटरी चार टक्क्यांवर आलीये,
चार्जर शोधून देते."