न चकाकणारा डाग

आज रविवार, म्हणून सुमिए एकटीच आहे
आन्नाकाच्या त्या दुमजली प्रयोगशाळेत.
खिडकीबाहेर गाड्यांचा तळ. त्याच्या डांबराखाली
तुतीची मुळं अजून असतील,
असं तिला वाटतं. बोलत नाही कुणाला.

भिंगाखाली ती बशी सरकवते.
बशीत दोनशे डाग, मेल्या पेशींची दोनशे रिंगणं,
आणि जवळजवळ सगळी लुकलुकणारी,
साखर सांडून राहावी तशी:
विषाणूने पुढच्या पिढीसाठी बांधलेल्या
स्फटिकांच्या कोठ्या.
तिला हवा आहे तो डाग,
ज्यात काहीच चकाकत नाही.

"सोपं आहे," कुदोसान म्हणाले होते,
"जिथे काही दिसत नाही तिथे थांबायचं."
आणि स्वतः गेले गळ घेऊन नदीवर.

हा विषाणू तिच्या जुन्या ओळखीचा.
ती आठ वर्षांची होती. माडीवर बांबूच्या चाळण्या,
चौथी कात टाकून झालेले किडे,
रात्रभर पानं कुरतडल्याची चरचर.
एका पहाटे ती चरचर विरळ झाली.
किडे खाणं सोडून काठावर चढले, आणखी वर, आणखी वर,
वरून कुणी हाक मारत असल्यासारखे,
अंगं सुजलेली, पांढुरकी.
आईने एकाला बोट लावलं
आणि तो बोटावरच फुटला. ताक.

आई त्यांना कधी किडे म्हणाली नाही,
त्यांच्याशी अहो-जाहो करायची.
त्या दिवशी परसात नऊ चाळण्या जाळतानाही
"माफ करा हं," म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही."
मग कोपरापर्यंत हात धुतले,
कातडी लाल होईतो.

त्याच चोराच्या हाती आता किल्ल्या दिल्यात.
कोठी बांधा, हा त्याचा हुकूम फार मोठ्या आवाजातला;
पेशी बाकी सगळं टाकून तोच ऐकते.
तो आवाज तसाच ठेवायचा,
फक्त कोठीच्या जागी दुसऱ्याच कशाचं तरी नाव लिहायचं.
आणि पेशी, बिचाऱ्या, कुणाच्या?
कोषातल्या एका मादीच्या अंडाशयातल्या,
जी पतंग होऊन बाहेर आलीच नाही.
तिचं तेवढंच उरलं:
सत्तावीस अंशांच्या उबेत
बाटलीमागून बाटली दुणावत,
आणि एक दिवस वेठीला धरली जात.
चौथ्या दिवशी त्या सुजतात, फुटतात,
पण मागे ताक नाही राहत;
राहतं ते गाळून, थंड ठेवून, मोजून घ्यायचं.

एकशे एकतीस. लुकलुक.
एकशे बत्तीस. लुकलुक, जरा कमी.
चहा गार झाला.
एकशे साठाच्या आसपास कुठेतरी
(मोजणी चुकली होती)
एक राखाडी रिंगण. दिवा कमी केला, वाढवला,
बशी फिरवली.
दिवाळखोराच्या दुकानासारखं रिकामं.
तिने श्वास धरून तेवढंच नळीत ओढून घेतलं.
असं आणखी दोनदा गाळायचं, मग खात्री.

संध्याकाळी आईला फोन केला.
आईला एक्क्याऐंशी, ऐकू कमी, बोलणं पूर्वीइतकंच.
"मग त्यातून निघतं काय?"
"औषध. मांजरांचं."
पलीकडे थोडा वेळ काही नाही.
मग आई हसू लागली, खोकला येईतो.
माडीवर त्यांची एक ठिपक्यांची मांजर असायची,
उंदरांपासून चाळण्या राखणारी.
"म्हणजे तिचा पगार आत्ता निघाला म्हण!"

आणि हसणं थांबल्यावर, अगदी वेगळ्या आवाजात:
"हात धुतलेस ना?"

"धुतले," सुमिए म्हणाली.
फोन ठेवला,
आणि उठून पुन्हा धुतले.