सांधे

"चालता येतं का यांना?"
काउंटरवरची मुलगी विचारते. मला नाही,
माझ्या मागे उभ्या असलेल्या इव्हानिल्दाला.
इव्हानिल्दा माझ्याकडे बघते.
येतं, मी सांगतो. सतरा मिनिटं.
मग आत कुणीतरी खिळे ठोकायला बसतं.

खुर्ची यायला चाळीस मिनिटं लागली.
तेवढ्यात चालत पोचलो असतो,
असं वाटत राहिलं. खोटं आहे ते.

गुडघे टेकले म्हणजे माणूस हरला, म्हणतात.
मी एकेचाळीस वर्षं रोज सकाळी आठला टेकले.
बँकांत, इस्पितळांत, सेतुबालच्या मासळीबाजारात,
एका दंतवैद्याच्या न्हाणीघरात, ज्यानं पैसे बुडवले.
थापी, पाणसळ, दोरी, बादली,
आणि गुडघ्यांखाली फेलिस्मिनानं
जुन्या ब्लँकेटच्या शिवलेल्या गाद्या.
या विमानतळाची फरशी माझी नाही.
असती तर सांगितलं असतं.

टक्. टक्. टक्.
चाक सांध्यावरून गेलं की कळतं.
साठ बाय साठ, सांधा तीन मिलिमीटर,
हात बरा होता ज्याचा कुणाचा.
"इथं सावकाश," मी म्हणतो.
खांबाजवळची एक फरशी पोकळ वाजते.
खाली मसाला भरला नाही नीट,
शुक्रवारची संध्याकाळ असणार.
इव्हानिल्दा टाच आपटून बघते, हसते.
सात वर्षं इथून जातेय म्हणे
दिवसातून तीस वेळा.

तपासणीत काठी पट्ट्यावरून
रबरी पडद्याआड जाते,
आणि मी उभा. हवेला धरून.
कमानीतून जाताना डाव्या गुडघ्यातला धातू किंचाळतो.
हातमोजे घातलेला पोरगा माफी मागत चाचपतो मला,
ओली भिंत चाचपावी तसा.
काठी पलीकडे बाहेर आलेली,
कुणाच्यातरी बुटांच्या ट्रेमागे.
नऊ पावलं.
नऊ.

"दहा मिनिटांत आले, अजून एक आजी आहेत,"
म्हणून इव्हानिल्दा गेली
आणि माझं तोंड राहिलं अत्तराच्या जाहिरातीकडे.
या खुर्च्यांची चाकं बारकी,
बसलेल्याला फिरवता येत नाहीत.
शेजारच्या खुर्चीत दोना झुल्मिरा, फुंशालच्या,
त्यांचं तोंड खिडकीकडे.
त्या मला विमानं सांगतात, मी त्यांना अत्तर.
"बाई अजून पाण्यातच आहे का?"
"पाण्यातच."
"सर्दी होईल तिला."
सकाळपासून पाणी प्यायलो नाही, मी सांगतो.
मी तर कालपासून, त्या म्हणतात,
आणि थोडा वेळ आम्ही दोघं
शहाण्या माणसांसारखे गप्प बसतो.

उचलगाडी म्हणजे ट्रकवरची खोली.
खोली वर चढते, पोटात गोळा येतो.
इव्हानिल्दा पाठ टेकते, एक बूट काढते, घोटा चोळते.
"रोजचे अठरा किलोमीटर," ती म्हणते.
जाड तळाचे बूट घे, पोरी.
घेईन, पगार झाला की.
तिच्या बेटावर, ती सांगते, विमानतळ एवढासा,
विमानापर्यंत सगळे चालतच जातात,
आणि म्हातारे?
"म्हाताऱ्यांना नातू असतात."

दारापाशी दोन बोटांची फट.
खुर्ची इथवरच. पुढे चोवीस रांगा.
त्या मी हातांनी चालतो, एकेका पाठीवरून,
"माफ करा", "माफ करा",
एका टकलावर हात पडतो, तोही माफ करतो.

थापी खाली सामानात आहे.
हातातल्या पिशवीत नेऊ दिली नसती.
लक्झेंबर्गला ग्रासिंदा न्हाणीघर नवं करतेय.
फोनवर दोनदा बजावलं तिनं:
बाबा, तुम्ही नुसतं बघायचं.

बघेन की.
पण उभ्यानं फरशी दिसत नाही,
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.